मुलाची सुंता न करणाऱ्या ज्यू कुटुंबांना सिनेगॉगमधे मोकळ्या मनाने कसं सामावून घ्यायचं?

रेवदंड्याची_नात

नमस्कार मंडळी. मी बेने इस्राएल म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, वाढले ठाण्यात, गेली एकोणीस वर्षं अमेरिकेत आहे. इथल्या एका रिफॉर्म, म्हणजे उदारमतवादी पंथाच्या, सिनेगॉगची (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची) आम्ही मेंबर मंडळी आणि यंदा नवीन कुटुंबांचं स्वागत करायचं काम माझ्याकडे आलंय, म्हणजे फोन घेणं, पहिल्या शब्बाथला (शनिवारच्या पवित्र दिवशी) त्यांच्याशेजारी बसणं, मुलांच्या हिब्रू शाळेची माहिती देणं वगैरे.

मागच्या आठवड्यात एका बाईचा फोन आला. सातवा महिना. फी, पार्किंग, बालवर्ग सगळं विचारून झालं, मी आता ठेवते म्हणणार तेवढ्यात आवाज एकदम खाली आणून ती म्हणाली, "आम्हाला मुलगा होणारे आणि आम्ही सुंता करणार नाही असं ठरवलंय, तरी आम्ही आलो तर चालेल का?" मी "हो हो, नक्की या" म्हटलं. पण ते म्हणायच्या आधी मी थांबले. तीन-चार सेकंदच असतील, पण तिला ते कळलं, कारण त्यानंतर ती घाईघाईने थँक्यू म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून ते तीन-चार सेकंद माझ्या डोक्यातून जात नाहीयेत.

कमिटीत विषय काढला. एकजण म्हणाले आपण कुणाला अडवतच नाही, मग वेगळं बोलायचं कशाला. दुसऱ्या बाईंनी तोरा या आपल्या धर्मग्रंथातल्या निर्गमचा बारावा अध्याय काढला, सुंता न झालेल्याने वल्हांडणाचं (इजिप्तमधून सुटकेच्या सणाचं) खाऊ नये असं लिहिलंय, मग हा मुलगा सेदरला, म्हणजे त्या सणाच्या विधीच्या जेवणाला, बसणार कसा. तिसऱ्यांचं म्हणणं की आपण हे जाहीर केलं तर ज्यांनी मुलांची मिला (सुंता) केली त्यांना वाटेल आपण त्यांना चुकीचं ठरवतोय.

माझ्या स्वतःच्या दोन्ही मुलांची सुंता आठव्या दिवशीच झाली, मोहेल म्हणजे सुंता करणारे आले होते, आईने मलिद्याचं, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मांडतात त्या गोड पोह्यांचं, ताट केलं होतं, मला त्याचा आजही आनंद आहे. त्यामुळे मी कुठल्या बाजूची म्हणून विचारत नाहीये. फक्त त्या बाईला पुन्हा फोन करायचाय आणि तेव्हा मला थांबायचं नाहीये. तुमच्यापैकी कुणी अशातून गेलंय का? नेमकं काय बोलावं, काय बदलावं?

तीन_भाषांची_आई

ताई, त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला मी होते, तुमच्याकडे नाही, दुसऱ्या गावात, सहा वर्षांपूर्वी. म्हणून सविस्तर लिहिते.

मी मराठी, नवरा ज्यू. रिफॉर्मवाले १९८३ पासून वडील ज्यू असले आणि मूल ज्यू म्हणून वाढवलं तर त्याला ज्यू मानतात, त्यामुळे तो प्रश्न आमच्यापुरता सुटलेला होता. सुंतेचं मात्र आम्ही दोघांनी महिनोन्महिने बोलून ठरवलं. हे सांगायलाच हवं कारण लोकांना वाटतं की बायको बाहेरची, तिने अडवलं. माझ्या नवऱ्याने आधी म्हटलं, मला माझ्या मुलाच्या अंगावर त्याला न विचारता काही करवत नाही. त्याला ते बोलायला खूप जड गेलं, त्याचे आजोबा युरोपातून जीव वाचवून आले होते, आणि तो रात्री उठून बसायचा की मी साखळी तोडतोय का.

बाळ झाल्यावर जो तो फोन करून एकच विचारायचा, "मझल टोव! ब्रिस कधी?" ब्रिस म्हणजे सुंतेचा विधी. मुलाचं नाव काय, आई कशी आहे, हे नंतर. आम्ही दोन आठवडे फोन उचलणंच बंद केलं. आनंदाच्या दिवसांत आम्ही लपून बसलो होतो हो.

मग पहिल्या सिनेगॉगच्या हिब्रू शाळेचा फॉर्म. मुलाचं नाव, हिब्रू नाव, आईवडिलांची हिब्रू नावं आणि त्याखाली रकाना, ब्रिसची तारीख. मुलींसाठी तिथे नामकरणाची तारीख असं होतं. मी रेघ मारली. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म बघितला, माझ्याकडे बघितलं, परत फॉर्म बघितला आणि म्हणाल्या "हे राहिलंय." मी म्हटलं राहिलं नाहीये. त्या काही वाईट बोलल्या नाहीत, उलट गडबडून हसल्या, पण आम्ही गाडीत येऊन बसलो आणि नवरा म्हणाला परत नको यायला. कुणीही आम्हाला नाही म्हटलं नव्हतं, तरीही आम्ही गेलो. तुमच्या कमिटीतले जे म्हणतात ना आपण कुणाला अडवतच नाही, त्यांना हे सांगा, की जे निघून जातात ते अडवलं म्हणून जात नाहीत, विचारायची लाज वाटते म्हणून जातात, आणि तुम्हाला ते कधी कळतही नाही.

वर्षभराने मैत्रिणीने दुसऱ्या ठिकाणी नेलं. तिथल्या रब्बी (धर्मगुरू) बाई, मी आधीच सांगून टाकलं सुंता झालेली नाही, त्यांनी पापणीसुद्धा न हलवता विचारलं, "त्याला हिब्रू नाव दिलंय का? नाही? मग करूया ना." बस. एवढंच. मी तिथेच रडले.

नामकरण मुलींचं करतात तसंच केलं, त्याला ब्रित शालोम म्हणतात, शांतीचा करार. सासऱ्यांची जुनी तल्लीत (प्रार्थनेची शाल) चौघांनी चार कोपऱ्यांना धरली, त्याखाली आम्ही. चांदीच्या भांड्यात कोमट पाणी घेऊन दोन्ही आज्यांनी त्याचे पाय धुतले, कारण उत्पत्तीत अब्राहाम दारात आलेल्या पाहुण्यांच्या पायांसाठी पाणी मागवतो, आणि हा आमच्या घरी आलेला पाहुणाच. माझ्या आईला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही, तिने पदर खोचला आणि पाय धुवायला बसली. मग द्राक्षरसाचं बोट त्याच्या ओठांना, नाव, आणि तोरा, विवाहमंडप आणि सत्कर्म याकडे तो वाढत जावो हा नेहमीचा आशीर्वाद. सासरे त्या दिवसापर्यंत आमच्याशी नीट बोलत नव्हते, ते कोपरा धरून उभे होते आणि त्यांचा हात थरथरत होता.

तर माझं सांगणं एवढंच, फॉर्ममधला तो रकाना आधी बदला.

अश्दोदचे_काका

शालोम बेटी. तुझं नाव बघून थांबलो, आमचंही मूळ अष्टमीकडचं, १९६९ ला आलो इथे इस्राएलला.

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मला हे वाचून त्रास झाला. कोकणात आपले लोक किती शतकं होते, रब्बी नाही, तोरा हातात नाही, हिब्रू विसरलेली, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणायचे. काय राहिलं होतं आपल्याजवळ? शब्बाथ, शेमा ही प्रार्थना, खाण्यापिण्याचे काही नियम आणि आठव्या दिवशीची सुंता. एवढ्यावर आपण ओळखले गेलो. ग्रीक राजा अंतियोखसच्या काळात ज्या आयांनी मुलांची सुंता केली त्यांना पोरांसकट मारलं, मक्काबींच्या पुस्तकात लिहिलंय. रोमन सम्राट हद्रियानाच्या काळात पुन्हा बंदी. रशियात बंदीसारखंच. नाझींनी पँट उतरवून माणसं ओळखली. एवढं सोसून जे सांभाळलं ते आरामात राहणाऱ्या माणसाने सोडून द्यावं, याला मी चांगलं म्हणू शकत नाही. उत्पत्तीच्या १७व्या अध्यायात शब्द स्पष्ट आहेत, जो करणार नाही तो आपल्या लोकांतून तोडला जाईल.

हे झालं माझं मत. आता दुसरी गोष्ट सांगतो, ती पण तेवढीच खरी.

१९६२ मधे इथल्या मुख्य रब्बीनेटने, म्हणजे सरकारमान्य धर्मपीठाने, हुकूम काढला की बेने इस्राएलपैकी कुणी बाकीच्या ज्यूंशी लग्न करणार असेल तर त्याच्या आईची, आजीची, जेवढं मागे जाता येईल तेवढी चौकशी करा. आमचे काका तेव्हा इथे होते. सुंता झालेला, शब्बाथ पाळणारा माणूस, आणि त्याला विचारतायत तू ज्यू कशावरून. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेममधे धरणं धरून बसले, बायका-पोरांसकट, तेव्हा सरकारने क्नेसेटमधे (संसदेत) सांगितलं की बेने इस्राएल पूर्ण ज्यू आहेत आणि रब्बीनेटला हुकूमातून आपलं नाव काढावं लागलं. काका मरेपर्यंत ते सांगताना थांबायचे मधेच, पाणी प्यायचे.

म्हणून माझ्या तोंडून दुसऱ्या कुणाच्या पोराला तू ज्यू कशावरून हा प्रश्न कधी निघणार नाही. बापाने केलं ते मला पटत नाही, पण पोराने काय केलंय?

नव्वदच्या दशकात आमच्या बिल्डिंगमधे सोव्हिएतमधून दोन भाऊ आले. दोघांचीही सुंता झालेली नव्हती, तिथे कोण करणार होतं. मोठ्याने चाळिशीत करून घेतली, धाकट्याने नाही. दोघे आमच्या सिनेगॉगला यायचे, मिन्यानला, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, दहावा माणूस कमी पडला की धाकट्यालाच हाक मारायचो कारण तो तळमजल्यावर राहायचा. कुणी एका शब्दाने बोललं नाही. तेव्हा वाटलं नाही, आज तुझं वाचून वाटतंय की मग अमेरिकेतल्या पोरालाच का विचारायचं.

पानं_चाळणारा

काकांनी करेतचा म्हणजे तोडलं जाण्याचा उल्लेख केला म्हणून थोडं. मध्ययुगातला मोठा रब्बी मायमोनिदीसने, जो स्वतः वैद्य होता, मिश्ने तोरा या आपल्या कायद्याच्या ग्रंथामधे हे फार नेमकं लिहिलंय. सुंता करायची जबाबदारी आधी बापाची, त्याने केली नाही तर त्याने आज्ञा मोडली, पण करेत त्याच्यावर नाही. करेत फक्त त्या माणसावर जो मोठा झाल्यावर स्वतः करू शकत असताना आयुष्यभर करत नाही. म्हणजे पाळण्यातल्या किंवा शाळेतल्या पोरावर अगदी परंपरेच्या भाषेतसुद्धा काहीच येत नाही. आणि परंपरेनुसार ज्यू असणं आईकडून येतं, सुंतेमुळे कुणी ज्यू होत नाही आणि न झाल्यामुळे ज्यूपण जात नाही, हे ऑर्थोडॉक्स रब्बीसुद्धा मान्य करतात. धर्मांतर करणाऱ्या पुरुषाची गोष्ट वेगळी, ती इथे आणत नाही.

सेदरचं: त्या वचनात जे खायचं नाही म्हटलंय ते वल्हांडणाचं कोकरू, म्हणजे मंदिरातलं अर्पण. जेरुसलेमचं ते मंदिर इसवी सन ७० मधे पडलं. आजच्या सेदरला मात्झा (बिनखमिराची भाकरी), कडू भाजी, हारोसेत (फळं-सुक्यामेव्याची गोड चटणी) आणि चार प्रश्न विचारायला घरातलं सगळ्यात लहान मूल लागतं. त्या मुलाला बसवा आणि प्रश्न विचारू द्या.

तलमूद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, येवामोत भागात, एक प्रसंग आहे जो मला फार जवळचा वाटतो. एका बाईचे दोन मुलगे सुंतेनंतर दगावले तर तिसऱ्याची करू नका. आज आपण हिमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आजार) म्हणू त्याला. हे मुलगे मोठे व्हायचे, सुंता न झालेलेच, आणि त्यांच्यासाठी नियमांत जागा होती, काय करता येईल काय नाही याची चर्चा व्हायची, पण ते इस्राएल नाहीत असं कुणाच्या मनात आलं नाही. कारण वेगळं होतं हे मान्य. पण सुंता न झालेला ज्यू ही काही आजची नवी गोष्ट नाही. इजिप्तमधून निघाल्यावर अरण्यातल्या चाळीस वर्षांत जन्मलेल्या कुणाचीच झाली नव्हती, यहोशवाच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, त्यांनाही मिळत होता.

वादही जुनाच आहे. १८४३ मधे फ्रँकफर्टच्या काही रिफॉर्मवाद्यांनी सुंता सक्तीची नको म्हटलं, तिथल्या रब्बींनी ठिकठिकाणच्या रब्बींची मतं मागवून छापली, बहुतेकांनी त्या बापांना झोडपलं. झायोनिस्ट (ज्यू राष्ट्राच्या) चळवळीचा संस्थापक थिओडोर हर्झलने आपल्या मुलाची, हान्सची, सुंता केली नव्हती. हर्झल १९०४ मधे वारला आणि १९०५ मधे त्या पोराची सुंता झाली, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. नुकताच बाप गेलेला, आणि त्याच्या अंगावर मोठ्यांचा प्रश्न सोडवला गेला. मला ते वाचताना नेहमी गलबलून येतं.

अश्दोदचे_काका

पण अरण्यानंतर यहोशवाने गिलगालला सगळ्यांची केली ना? ते पण पाचव्या अध्यायातच आहे.

पानं_चाळणारा

केली, बरोबर. मी फक्त एवढंच म्हणतोय की तोपर्यंत छावणीबाहेर कुणाला काढलं नव्हतं.

नवजात_कक्ष

मी अमेरिकेत बाळंतपणाच्या वॉर्डमधे नर्स आहे, ज्यू नाही, पण ज्यू आईवडील रोज बघते. एकच सूचना. स्वागत करताना मेडिकल वाद उघडू नका, दोन्हीकडून. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१२ मधे म्हटलंय की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत पण सरसकट सगळ्या बाळांना करा असं सांगण्याइतके नाहीत, आईवडिलांनी ठरवावं. इथे हॉस्पिटलमधे होणाऱ्या सुंतेचं प्रमाण १९७९ मधे ६४.५ टक्के होतं ते २०१० ला ५८.३ झालं, म्हणजे शाळेत पोरगा एकटा पडेल ही भीती तितकीशी खरी नाही. पण तुमच्या दारात आलेली आई हे सगळं वाचून, रडून, ठरवून आलेली असते. तिला परत परत समजावायला बसू नका आणि "बरं केलंत हो" म्हणून शाबासकीही देऊ नका, कारण शेजारच्या खुर्चीत जिने मागच्या महिन्यात ब्रिस केलं ती ऐकत असते. बाळ झोपतंय का विचारा, आईने काही खाल्लंय का विचारा.

रेवदंड्याची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण कमिटीची मीटिंग होती.

फॉर्मचं झालं. मुलगा मुलगी वेगळे रकाने काढून टाकले, आता एकच ओळ आहे, "बाळाचं नामकरण किंवा ब्रित कधी आणि कसं झालं, सांगावंसं वाटत असेल तर." रब्बींनी स्वतः सुचवलं की बाळाच्या जन्माबद्दल जे पत्रक आपण देतो त्यात मोहेलचा नंबर जिथे असतो त्याच पानावर ब्रित शालोमबद्दल पण चार ओळी असाव्यात, वेगळ्या पानावर मागे कुठेतरी नाही. सेदरच्या बाईंना मी पानं_चाळणारा यांचं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मी आयुष्यभर ते वचन वाचत आले पण कोकरू कधी नीट वाचलं नाही. ज्यांना भीती होती की ब्रिस करणाऱ्यांना वाईट वाटेल त्यांची भीती पूर्ण गेली नाहीये आणि मला ती खोटीही वाटत नाही. म्हणून पत्रकात कुठेही कारणं लिहिली नाहीत, ना करण्याची ना न करण्याची. इथे २०२१ पासून ब्रुखिम नावाची एक संस्था हेच काम करते, सुंता न करणाऱ्या कुटुंबांना सिनेगॉगमधे मोकळेपणाने येता यावं म्हणून, त्यांची माहितीही रब्बींना दिली. ब्रुखिम हबाइम म्हणजे या, स्वागत आहे, आपण दारातच म्हणतो ते.

आणि त्या बाईला फोन केला. आधी माफी मागितली की मागच्या वेळी मी गप्प झाले. ती म्हणाली मला वाटलं तुम्हाला राग आला. मी म्हटलं नाही, मला सवय नव्हती. मग नावाचं विचारलं, तर पणजोबांचं नाव द्यायचंय, एलियाहू. हे ऐकून माझ्याच अंगावर काटा आला, कारण मिलाच्या वेळी आपण ज्याची खुर्ची मांडतो तोच. ती विचारत होती की ती खुर्ची आम्हाला ठेवता येईल का, की ती फक्त सुंतेसाठीच असते? मी म्हटलं विचारून सांगते. काका, तुम्हीच सांगा.

अश्दोदचे_काका

खुर्ची मिलाचीच आहे बेटी, खोटं कशाला सांगू. जुनी गोष्ट अशी की एलियाहूने देवाकडे तक्रार केली, इस्राएलने तुझा करार सोडला, म्हणून देवाने त्याला सांगितलं की आता प्रत्येक मिलाला तू स्वतः हजर राहून बघ. ती खुर्ची त्या गोष्टीशी बांधलेली आहे.

पण आपल्याकडे एलियाहू हनाबी फक्त मिलाला येतो का? अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात आपले लोक, तिथे कोण सुंतेला जातं? नवीन घर घेतलं, मलिदा. पोरगी परीक्षा पास झाली, मलिदा. प्रवासाला निघालो, आजारातून उठलो, नवस फेडला, प्रत्येक वेळी त्याचं नाव घेतलं आणि ताट मांडलं. माझ्या आईने मला इस्राएलला पाठवताना केलं होतं, तेव्हा कुणाच्या अंगाला सुरी लागली नव्हती आणि एलियाहू आला नाही असं तिला वाटलं नाही. म्हणून त्या पोरीला सांग, खुर्चीचं तुमच्या रब्बींना विचार, मलिद्याला कुणाला विचारायची गरज नाही. नामकरणाला कर.

पोहे जाड घे, पातळ घेतलेस तर लगदा होतो. धुवून चाळणीत निथळत ठेव, मग ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते. पाच फळं, त्यात खजूर हवाच. सब्जाची डहाळी तिथे मिळत नसेल तर दुसरं काही वासाचं हिरवं चालेल. पोराचं नाव मोठ्याने घ्या, बापाच्या नावासकट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दिवस कळव, मी इथे त्या दिवशी दिवा लावतो.